त्रेपन्न हर्ट्झची घरघर

पन्नास हर्ट्झवर फिल्टर लावला, तरी घरघर गेली नाही.

मी फिल्टर काढला, पुन्हा लावला. अजून खोल लावला. गाण्याच्या मागची ती बारीक, सतत चाललेली घरघर तशीच. सकाळचे साडेअकरा झाले होते आणि अठरा गाण्यांपैकी पहिल्याच गाण्यावर मी अडकून बसले होते. हाताशी दिवस होते अकरा.

मी साउंड रेकॉर्डिंगचं काम करते. रत्नागिरीत माळनाक्याजवळ आमच्या घराच्या मागच्या पडवीत माझा स्टुडिओ आहे. शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग, रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, असं सगळं करते. त्यातच जुन्या कॅसेट साफ करून कॉम्प्युटरवर घेण्याचं काम असतं. हे काम मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात मोजायला खूप असतं.

ती अठरा गाणी शरयूताई नेवरेकरांची होती. आमच्या भागात त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. शरयूताई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. एकेचाळीस वर्षांपूर्वी त्यांची दहा गाण्यांची कॅसेट निघाली. गौरी आणण्याचं, नारळी पौर्णिमेचं, पाळण्याचं, अशी घरगुती गाणी. गणपतीत आमच्याकडे घराघरांतून तीच वाजायची. मुंबईहून आलेला चाकरमानी परत जाताना एक कॅसेट घेऊन जायचा. पाच वर्षांनी आठ गाण्यांची दुसरी कॅसेट निघाली. त्यानंतर त्यांनी रेकॉर्डिंग केलं नाही. आता त्यांना पंचाहत्तर पूर्ण होत होती आणि एका मंडळाने सत्कार ठरवला होता. दोन्ही कॅसेटमधली सगळी गाणी एका संग्रहात यायची होती, पेन ड्राइव्हवर आणि मोबाइलवर ऐकायच्या लिंकवर.

मंडळाचे सेक्रेटरी सुर्वे सर, निवृत्त मुख्याध्यापक. काम देतानाच त्यांनी एक अट सांगितली होती.

"शरयूताईंना गायचा आग्रह करायचा नाही. त्या फक्त खुर्चीत बसणार. त्या अटीवरच त्या हो म्हणाल्यात."

कारण मला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात गौरीच्या गाण्याच्या वरच्या सुरावर त्यांचा आवाज फुटला. त्या थांबल्या, नमस्कार केला आणि आत गेल्या. त्यानंतर त्या लोकांपुढे गायल्या नाहीत. घरीही गात नाहीत असं ऐकलं होतं. मी त्या दिवशी साउंडला होते. माइकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, माझ्या हातात होता. ते मी विसरलेली नाही.

आता त्या घरघरीबद्दल. आपल्या घरातली वीज एका सेकंदात पन्नास वेळा मागेपुढे होते. या पन्नासला पन्नास हर्ट्झ म्हणतात. रेकॉर्डिंगच्या वायरिंगला अर्थिंग नीट नसेल तर ही वीज आवाजात घुसते आणि गाण्याखाली बारीक घरघर ऐकू येते. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ती हमखास असते. ती काढायला आम्ही नेमका पन्नासवर एक अरुंद फिल्टर लावतो. तेवढाच आवाज कापला जातो, गाण्याला धक्का लागत नाही. हे काम पाच मिनिटांचं.

इथे घरघर पन्नासवर नव्हतीच. मी स्क्रीनवर तिचा आलेख काढला. ती त्रेपन्नवर होती. तिची पिल्लं, म्हणजे दुप्पट आणि तिप्पट आकड्यांवर येणारे तिचेच पडसाद, एकशेसहा आणि एकशेएकोणसाठवर. आकडे एकमेकांशी जुळत होते. फक्त पन्नासशी जुळत नव्हते.

पहिला संशय माझ्या कॅसेट डेकवर. त्याचा पट्टा सैल किंवा मोटर वेगात असेल तर सगळंच वर सरकतं. माझ्याकडे एक टेस्ट कॅसेट आहे, तिच्यावर बरोबर एक हजार हर्ट्झचा सूर आहे. ती लावली. एक हजार दोन. म्हणजे डेक ठीक.

मग संशय त्या एका कॅसेटवर. सुर्वे सरांनी दिलेली कॅसेट त्यांच्या घरची. मी शेजारच्या सावंतवहिनींकडून त्यांची आणली, आणि माझ्या आईच्या ट्रंकेतली काढली. तीन घरं, तीन कॅसेट. आकडे आले त्रेपन्न, बावन्न पूर्णांक नऊ आणि त्रेपन्न पूर्णांक एक.

दुसऱ्या कॅसेटची घरघर मात्र पन्नासवर होती. फिल्टर लावल्याबरोबर गेली.

नवरा जेवायला घरी आला. तो वीज खात्यात इंजिनिअर आहे. मी ताट वाढता वाढता विचारलं, "अहो, एकेचाळीस वर्षांपूर्वी रत्नागिरीत फ्रीक्वेन्सी त्रेपन्न असू शकेल का?"

"कोणत्या गावाला?"

"रत्नागिरीत म्हटलं ना."

"अठ्ठेचाळीस म्हणालीस तर मी मान खाली घालून ऐकून घेईन. साडेअठ्ठेचाळीस तर मी स्वतः पाहिलीय. त्रेपन्न नाही. त्रेपन्नला जाईपर्यंत सगळं कधीच ट्रिप झालेलं असेल." त्याने आमटी भातावर ओतली. "आणि घरघर येणारच. कुठे केलं होतं रेकॉर्डिंग?"

"कव्हरवर शाळेचा हॉल असं छापलंय. सड्यावरच्या."

"मग झालंच. खाली नुसता कातळ. जांभ्यात अर्थिंग लागतं का? आम्ही खड्ड्यात मीठ-कोळसा घालून घालून थकतो."

म्हणजे घरघर खरी होती आणि तेव्हा ती पन्नासच्या आसपासच असणार. आता ती त्रेपन्न आहे, तर त्याचा अर्थ एकच. कॅसेट बनवतानाच गाणी वेगात उतरवली गेली. शंभराला सहा या प्रमाणात.

सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण टेप वेगात फिरली की गाणं नुसतं लवकर संपत नाही, सूरही वर चढतो. सहा टक्के म्हणजे पेटीवर बरोबर एक पट्टी. पट्टी म्हणजे गायक ज्या सुराला आपला 'सा' मानतो तो सूर. कॅसेटवर शरयूताई काळी चारमध्ये ऐकू येतात. त्या खऱ्या गायल्या असणार पांढरी पाचमध्ये, त्याच्या लगेच खालच्या पट्टीत.

हे कळल्यावर मी हात धुऊन पडवीत आले. मला फेडर हातात असतानाची ती संध्याकाळ आठवली. त्या दिवशी पेटीवाल्याने काळी चार लावली होती. सगळेच पेटीवाले लावायचे. सगळे ती गाणी कॅसेटवरूनच शिकले होते.

सुर्वे सरांना फोन केला. जे सापडलं ते सांगितलं.

"म्हणजे कॅसेट खराब आहे?" ते म्हणाले.

"खराब नाही. वेगात आहे. मी ती मूळ वेगावर आणते. गाणी थोडी लांबतील, आवाज एक पट्टी खाली येईल."

"मेधाताई, असं काही करू नका."

"का?"

"अहो, लोकांच्या कानात तोच आवाज आहे. चाळीस वर्षं. गौरीचं गाणं लागलं की डोळे मिटून माणूस घरी पोचतो. तुम्ही ते हळू करणार, जाड करणार. लोक म्हणतील, ही कोण?"

"पण तो त्यांचा आवाजच नाही."

"लोकांना तोच त्यांचा आवाज वाटतो ना. आणि हे तुम्ही एका घरघरीवरून म्हणताय. उद्या चुकलं असेल तर? बाईंची आयुष्यभराची गाणी आहेत."

शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते बरोबर होतं. घरघर हा एक पुरावा. त्या वेळची फ्रीक्वेन्सी बरोबर पन्नासच होती हे मी शपथेवर सांगू शकत नव्हते. एकोणपन्नास असेल तर माझं गणित दोन टक्क्यांनी चुकतं, आणि दोन टक्के चुकले तर मी शरयूताईंच्या तोंडी आणखी एक खोटा आवाज घातला असता. मला दुसरा पुरावा हवा होता, विजेशी संबंध नसलेला.

"मला तीन दिवस द्या," मी म्हटलं.

"दोन दिले."

कॅसेट काढली होती पांडुरंग शेट्ये यांनी. राम आळीत त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. दुकान बंद होऊन जमाना झाला. चौकशी केल्यावर कळलं की ते आता वेळणेश्वरला मुलीकडे असतात, वय ब्याऐंशी, तब्येत चांगली, कान थोडे जड. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. जयगडला गाडी फेरीबोटीत घातली, पलीकडे तवसाळला उतरले आणि हेदवीवरून अकराच्या सुमारास पोचले.

शेट्येकाका ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी नाव सांगितलं, काम सांगितलं. शरयूताईंचं नाव काढल्यावर त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"ती कॅसेट होय? तिच्यावर माझं दुकान उभं राह्यलं," ते म्हणाले. "काय झालं तिला?"

"काका, ती वेगात भरलीय का?"

ते अंगणाकडे पाहायला लागले. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी मोठ्याने विचारलं.

"ऐकलं गो. ओरडू नको, मुलगी आत हाय." मग हळू आवाजात म्हणाले, "तुला कसं कळलं?"

मी घरघरीचं सांगितलं. त्यांना फार मजा वाटली.

"म्हणजे त्या कातळाने चहाडी केली म्हण की."

"का भरली वेगात?"

"बसत नव्हती. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. पहिल्या बाजूची पाच गाणी झाली एकतीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. दुसरी बाजू पण तशीच, पाच-सात सेकंद इकडेतिकडे. कव्हरं छापून आली होती, दहा गाण्यांची नावं घालून. गणपती तोंडावर."

"एखादं कडवं कमी करायचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाच्या पुढ्यात चप्पल घालून उभी आहे.

"कुठलं कडवं? गाणी गोविंदबुवांची. शेवटच्या कडव्यात बुवांचं नाव येतं. शेवटचं कापलं तर बुवा गेले. मधलं कापलं तर गाण्याचा अर्थ गेला. बुवा तेव्हा हयात होते. रोज दुकानावरून जायचे. तोंड कुठे लपवलं असतं मी?"

"आणि नव्वद मिनिटांची कॅसेट?"

"तिची टेप पातळ. घराघरातल्या टेपरेकॉर्डरात गुंतायची. बायका कॅसेट घेऊन भांडायला यायच्या." त्यांनी पुन्हा अडकित्ता उचलला. "मूळ रेकॉर्डिंग मोठ्या स्पूलवर केलेलं, त्या मशीनला वेगाचं बटण होतं. थोडं फिरवलं. बरोबर तिसाव्या मिनिटाला बाजू संपली. ऐकलं तर वाईट नव्हतं. उलट आवाज कोवळा वाटायला लागला. लोकांना तोच आवडला."

"शरयूताईंना सांगितलं होतं?"

"नाय."

"का?"

"आधी वाटलं, कोणाला कळणार हाय. मग कॅसेट इतकी चालली की सांगायची भीती वाटायला लागली. मग दुकान गेलं. आता कशाला सांगायचं असं झालं."

मी त्यांना विचारलं की एकतीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद हा आकडा एकेचाळीस वर्षं लक्षात कसा राहिला. ते उठून आत गेले आणि एक पिवळी पडलेली वही घेऊन आले. रेकॉर्डिंगच्या दोन दिवसांत ते घड्याळ हातात धरून बसले होते. प्रत्येक गाण्यापुढे वेळ लिहिलेली होती. पाळण्याचं गाणं, सहा मिनिटं वीस सेकंद. मी बरोबर आणलेल्या लॅपटॉपवर तेच गाणं पाच मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांचं होतं. गौरीचं गाणं सहा पस्तीस, माझ्याकडे सहा तेरा. मी ओट्यावर बसूनच मोबाइलवर दहाही भागाकार केले. सगळ्यांचं उत्तर एक पूर्णांक सहा शतांशाच्या आजूबाजूला येत होतं. त्रेपन्न भागिले पन्नास म्हणजेही तेवढंच.

विजेचा आणि घड्याळाचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोघांनी एकच आकडा सांगितला. मी वहीच्या पानांचे फोटो घेतले आणि सुपारी न खाताही माझं डोकं हलकं झालं.

निघताना मी म्हटलं, "काका, मी हे शरयूताईंना सांगणार आहे. त्यांनी अकरा वर्षांपूर्वी गाणं सोडलं, माहीत आहे ना?"

"म्हातारपणाने सोडलं असेल."

"तुमच्या पट्टीत गायला जाऊन आवाज फुटला. म्हणून सोडलं."

शेट्येकाकांनी वही मिटली.  मग ती माझ्याकडे दिली. "फोटो कशाला? ही घेऊन जा. दाखव तिला. माझं नाव सांग. म्हणावं, बुवांसाठी केलं, पण तिला सांगायला हवं होतं."

शरयूताई मिऱ्याला राहतात, सुनेबरोबर. मुलगा जहाजावर असतो. मी परस्पर तिकडेच गेले. चार वाजले होते. शरयूताई मागच्या दारी सुपात कुळीथ निवडत होत्या. सूनबाई चहा टाकायला उठल्या. मी लॅपटॉप आणि स्पीकर अजून पिशवीतच ठेवले होते. काय बोलायचं याची जुळवाजुळव चालली होती.

तेवढ्यात शरयूताई गुणगुणायला लागल्या. त्यांना स्वतःला कळलंही नसावं. ओठ मिटलेले, नजर सुपात, आणि पाळण्याच्या गाण्याची पहिली ओळ. म्हणजे घरीही गात नाहीत हे खोटं होतं. जवळ पेटी नव्हती, तंबोरा नव्हता. कोणीही सूर दिलेला नव्हता.

माझ्या मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप असतं, पेट्या जुळवायला लागतं. मी ते उघडून मांडीवर ठेवलं. त्यांना न सांगता ठेवलं, हे मला नंतर बरं वाटलं नाही, म्हणून तसं त्यांना सांगूनही टाकलं. ॲपने दाखवलं, पांढरी पाच. किंचितही खालीवर नाही.

हा तिसरा पुरावा. तो मी मागितलाही नव्हता.

"शरयूताई," मी म्हटलं, "तुम्ही आत्ता गात होतात."

"गात नव्हते गो. कुळीथ निवडत होते. हात चालायला लागले की होतं असं."

"या पट्टीत तुम्हाला त्रास होतो का?"

"ही कुठली पट्टी? मला पट्टीतलं काय कळतंय. मी पेटी शिकलेली नाही. पेटीवाला सूर द्यायचा, मी धरायची." त्या हसल्या. "पहिल्या रेकॉर्डिंगला जोशीमास्तर पेटीवर होते. तेव्हा सगळं सोपं गेलं. कॅसेट निघाल्यावर मास्तर वारले. नंतर जो येईल तो म्हणायचा, बाई, कॅसेटची पट्टी काळी चार. मी म्हणायची, असेल. पण तेव्हापासून गळा आवळल्यासारखा व्हायचा."

"तेव्हापासून म्हणजे? वयाच्या पस्तिसाव्या वर्षापासून?"

"होय तर. मला वाटायचं, नाव झालं म्हणून दडपण येतं. आणि कॅसेटमधला आवाज मला कधी माझा वाटला नाही. पण सगळे म्हणायचे, आपला आवाज रेकॉर्डवर सगळ्यांनाच परका वाटतो."

मी लॅपटॉप काढला. लांबण न लावता सगळं सांगितलं. घरघर, तीन कॅसेट, तीस मिनिटांची बाजू, बुवांचं कडवं, वेगाचं बटण. वही त्यांच्यापुढे उघडली. सूनबाई चहाचे कप हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

"थांब," शरयूताई म्हणाल्या. "म्हणजे मी काळी चारमध्ये कधी गायलेच नव्हते?"

"पहिल्या कॅसेटला नाही. दुसऱ्या कॅसेटला खरोखर गायलात. तिचा वेग बरोबर आहे. तोपर्यंत सगळ्यांनी तीच पट्टी धरली होती."

"आणि त्या कार्यक्रमात?"

"त्या कार्यक्रमात चौसष्टाव्या वर्षी तुम्ही अशा पट्टीत गात होतात, जिच्यात चौतिसाव्या वर्षीही गायला नव्हतात."

त्यांनी सूप बाजूला सरकवलं. "लाव बघू."

पाळण्याचं गाणं मी वाटेत फेरीबोटीतच दुरुस्त करून ठेवलं होतं. वेग शंभरावरून चौऱ्याण्णव पूर्णांक चौतीस. घरघर तशीच ठेवली होती, काढायला वेळ मिळाला नव्हता. गाणं सुरू झालं. कॅसेटमधली ती कोवळ्या गळ्याची, लगबगीने गाणारी मुलगी त्यात नव्हती. एक तरुण बाई होती, भरल्या आवाजाची, सावकाश, प्रत्येक शब्दावर नीट पाऊल ठेवत जाणारी. पाळण्याला झोका दिल्यावर तो परत येईपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा आता दोन ओळींच्या मध्ये होता.

सूनबाई म्हणाल्या, "आई, हा तर तुमचा आवाज. तुम्ही फोनवर बोलता ना, तसा."

 शरयूताईंनी पदराने चष्मा पुसला आणि परत घातला. दुसऱ्या कडव्याला त्या गाण्याबरोबर गायला लागल्या. आधी मिटल्या ओठांनी, मग शब्दांनी. वरचा सूर आला. मी नकळत फेडर धरावा तसा लॅपटॉपचा कोपरा धरला. त्यांचा आवाज तिथे थोडा थरथरला. पण पोचला. आणि पोचून थांबला, जितका थांबायला हवा तितका.

शेवटच्या कडव्यात बुवांचं नाव आलं आणि गाणं संपलं. मागे फक्त घरघर राहिली.

"शेट्येला काय शिक्षा करू गो?" त्या म्हणाल्या.

"त्यांना फार वाईट वाटतंय."

"वाटू दे. अकरा वर्षं मी उगाच रडले. त्याला कार्यक्रमाला बोलाव. पहिल्या रांगेत बसव. आणि सुर्वेला फोन लाव."

फोन त्यांनी स्वतः घेतला. सुर्वे सर पलीकडून तेच म्हणत असावेत, लोकांच्या कानातला आवाज वगैरे, कारण शरयूताई दोनदा "बरं" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सुर्वे, तुमच्या शाळेतल्या ग्रुप फोटोत दुसऱ्याच बाईचं तोंड छापलं असतं तर चाळीस वर्षं झाली म्हणून तेच ठेवलं असतंत? नाही ना. मग मेधा सांगते तसं करा." पलीकडून आणखी काही विचारलं गेलं. "होय. एक गाणं म्हणेन. एकच. आणि पेटीवाल्याला सांगा, मी म्हणेन ती पट्टी."

बाहेर येऊन मी गाडीत बसले. दोन दिवस जे छातीवर होतं ते उतरलं होतं. माझं गणित चुकलं नव्हतं, पण तेवढंच नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीचा तो फेडरही आता कुठे हातातून सुटला.

राहिलेलं काम सरळ होतं. पहिल्या कॅसेटची दहा गाणी मूळ वेगावर आणली. मग घरघर पन्नासवर आली आणि फिल्टर लावल्याबरोबर निघून गेली. मुद्दाम सांगते, फिल्टर पाच मिनिटांतच लागला. दुसऱ्या कॅसेटची आठ गाणी आहेत तशी ठेवली. त्यांत गळ्यावरचा ताण ऐकू येतो, पण तो खरा आहे आणि खरं ते बदलायचं काम माझं नाही. संग्रहाच्या कार्डावर एक ओळ छापली की पहिली दहा गाणी गायली त्या वेगाने दिली आहेत. सुर्वे सरांना ती ओळ बारीक अक्षरात हवी होती. मला इतर मजकुराएवढीच हवी होती. इतर मजकुराएवढीच छापली.

कार्यक्रम रविवारी सकाळी झाला. शेट्येकाका पहिल्या रांगेत, मुलीने दिलेल्या नव्या शर्टात, मान खाली घालून. शरयूताईंनी पेटीवाल्याला पांढरी पाच सांगितली. त्याने काळी चारवर ठेवलेलं बोट उचललं आणि एक पट्टी खाली आणलं. त्या पाळण्याचं गाणं गायल्या, सगळी कडवी. मी साउंडला होते. फेडर सुरुवातीला जिथे ठेवला तिथेच शेवटपर्यंत होता. गाणं संपल्यावर त्या शेट्येकाकांकडे पाहून माइकवरच म्हणाल्या, "सहा मिनिटं वीस सेकंद झाली का रे, पांडुरंग?" त्यांनी खरंच घड्याळ पाहिलं होतं. "सहा चाळीस," ते म्हणाले. हॉल हसला.

संग्रहाबद्दल तक्रारी आल्या, नाही असं नाही. चौघांनी फोन करून गाणी हळू वाटतात असं सांगितलं. त्यांपैकी दोघांनी महिन्याभराने आपणहून सांगितलं की आता जुनी कॅसेट घाईची वाटते. उरलेल्या दोघांचं मत बदललेलं नाही आणि मी ते बदलायला गेले नाही. शरयूताई आता रोज संध्याकाळी मागच्या दारी गातात, असं सूनबाईंकडून कळलं. कुळीथ नसला तरी.

माझ्या कामात एवढाच फरक पडला. पूर्वी जुनं रेकॉर्डिंग आलं की मी आधी घरघर काढायची आणि मग गाणं ऐकायची. आता आधी ती घरघर मोजते, आकडा वहीत लिहिते आणि मगच काढते.